नोकरी शोधताना लिंक्डइन, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक नक्की कसं वापरायचं?

व्हर्नियर

नमस्कार मंडळी. नोकरीबद्दलचे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत, म्हणून एकच धागा काढतोय. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि आमच्या डिपार्टमेंटला माणूस घ्यायचा असला की सीव्हींची पहिली चाळणी माझ्याकडे येते, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलाच्या या बाजूने बघून लिहितोय. आयटीवाल्यांचं थोडं वेगळं असेल, त्यांनी भर घालावी.

मुलं सोशल मीडियावर खूप वेळ घालवतात पण तो बहुतेक चुकीच्या जागी जातो. लिंक्डइनवर कोणीतरी 'वुई आर हायरिंग' अशी पोस्ट टाकतो, खाली शेकड्यांनी कमेंट्स, सगळ्या 'इंटरेस्टेड', 'इंटरेस्टेड सर', 'प्लीज चेक माय प्रोफाईल'. या कमेंट्स कोणीही बसून वाचत नाही हो. ज्याने पोस्ट टाकली त्याची पोस्ट तेवढी लांबवर पोचते, काही जण तर त्यासाठीच टाकतात. पोस्टमध्ये मेल आयडी दिला असेल तर मेल करा, सब्जेक्टमध्ये पोझिशन, अनुभव किती वर्षांचा, गाव आणि नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागतं ते) एवढं लिहा. मेल आयडी नसेल तर त्या माणसाची कंपनी बघा, त्या डिपार्टमेंटचा माणूस शोधा आणि त्याला लिहा.

दुसरं म्हणजे प्रोफाईलची पहिली ओळ, नावाखालची. तिथे २२० अक्षरं बसतात आणि सर्च केल्यावर समोरच्याला तुमचं नाव, फोटो आणि तेवढीच ओळ दिसते. तिथे लोक 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज' नाहीतर 'हार्ड वर्किंग अँड डेडिकेटेड' लिहितात. आता मी सर्चमध्ये काय टाइप करतो सांगा बरं? 'हार्ड वर्किंग' नाही टाकत, मी 'सीएमएम' (पार्टची मापं घेणारं मशीन), 'पीपीएपी' (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत), 'मशिनिंग', 'पुणे' टाकतो. तुमच्या ओळीत हे शब्द नसतील तर तुम्ही कितीही चांगले असा, मला दिसणारच नाही. 'क्वालिटी इंजिनिअर, मशिनिंग आणि कास्टिंग पार्ट्स, सीएमएम, पीपीएपी, कस्टमर कम्प्लेंट हँडलिंग, ४ वर्षं' असं काहीतरी पाहिजे. (इंग्रजीतच लिहा अर्थात, सर्च इंग्रजीत होतो.)

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, 'नोकरी द्या' असं सगळ्या जगाला सांगण्यापेक्षा योग्य पाचदहा माणसांना नेमकं काहीतरी विचारणं हजारपट बरं. त्यावर सविस्तर लिहितो, आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

शेवंती

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या धाकट्या भावाचं डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, वाळूजला एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, पगार फारच कमी आणि वाढायची काही आशा नाही. पुण्याकडे यायचंय त्याला. लिंक्डइन अकाउंट काढून ठेवलंय पण त्यावर टाकायचं काय हेच त्याला कळत नाही, म्हणतो माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, रोज व्हर्नियर-मायक्रोमीटर घेऊन पार्ट मोजतो बस. इंग्रजी लिहायलाही घाबरतो. मोठमोठ्या लोकांचे लांबलचक लेख बघून अजूनच खचतो बिचारा. काय करावं त्याने?

व्हर्नियर

शेवंतीताई, भावाला आधी सांगा की ते लांबलचक लेख लिहिणारे लोक आणि नोकरी मिळवणारे लोक वेगळे. रोज काही पोस्ट करायची अजिबात गरज नाही. प्रोफाईल पूर्ण आणि खरं असलं तरी पुष्कळ आहे.

सांगण्यासारखं काय आहे म्हणता? कोणते पार्ट मोजतो, शाफ्ट, हाउसिंग, गिअर ब्लँक? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती असतो? ड्रॉइंगवर जीडी अँड टी (आकार आणि जागेच्या टॉलरन्सच्या खुणा) आलं तर वाचता येतं का? व्हर्नियर-मायक्रोमीटरशिवाय बोअर गेज, हाइट गेज वापरतो का? एखादा रिजेक्शनचा प्रॉब्लेम त्याने पकडला असेल ना, कधीतरी पकडलाच असणार. समजा बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, ओव्हरसाइज येत होता आणि याने दर तासाला मोजून लिहून ठेवल्यावर लक्षात आलं की इन्सर्ट (कापणाऱ्या टूलचं पातं) झिजल्यावर तो सरकतो आणि मग इन्सर्ट बदलायची वेळ ठरवून दिली, तर हे तीन ओळींत साध्या इंग्रजीत लिहायचं, काय होत होतं, मी काय बघितलं, काय बदललं. असा एक खरा किस्सा माझ्यासाठी पानभर विशेषणांपेक्षा मोठा आहे, कारण तो इंटरव्ह्यूत विचारता येतो आणि मुलगा खोटं बोलत असेल तर दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

एकच काळजी घ्या, कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, शॉप फ्लोअरचे फोटो काहीही टाकायचं नाही. आमच्याकडे असा फोटो टाकलेला उमेदवार आला तर त्याला घ्यायला आम्हीच घाबरतो, उद्या आमचेही टाकेल.

राजगिरा

तिसऱ्या मुद्द्याला जोरदार +१, त्यात थोडी भर. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडलं होतं की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच डेटावर मोठा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला, सुमारे २ कोटी लोक, ५ वर्षांचा काळ. त्यात बऱ्याच अंशी तेच निघालं पण बारकाव्यासकट. अगदीच अनोळखी कनेक्शनचा उपयोग कमी, अगदी घट्ट मैत्रीचाही कमी, मधले जे असतात, म्हणजे थोड्या सामायिक ओळखी असलेले, ते सगळ्यात कामाला येतात. म्हणजे जुन्या कंपनीतला दुसऱ्या शिफ्टचा माणूस, कॉलेजमधले दोन वर्षं पुढचे सीनियर, आधीच्या कंपनीत कामानिमित्त येणारे सप्लायर, असे.

आणि शेवंती, तुमच्या भावासाठी त्यातलाच आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. हा लांबच्या ओळखीचा फायदा डिजिटल क्षेत्रांत जास्त दिसला आणि जिथे काम कमी डिजिटल आहे तिथे उलट जवळच्या ओळखी जास्त चालल्या. तेव्हा लिंक्डइन करावंच पण वर्कशॉपमधून आधी पुण्याला गेलेल्या मित्रांना फोनही करावा.

घाटमाथा

मी रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीत काम करते, मॅन्युफॅक्चरिंग आणि फायनान्स दोन्ही बघते. वर व्हर्नियर यांनी सर्चबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं, आमच्या बाजूने पडद्यावर काय चालतं ते जरा उलगडून सांगते.

क्लायंटकडून गरज आली की मी पहिल्यांदा नोकरी डॉट कॉम उघडते, लिंक्डइन नंतर. लोकांना वाटतं ते आता जुनं झालं, १९९७ पासून आहे, पण आपल्याकडे मधल्या पदांच्या भरतीसाठी अजून तेच जास्त चालतं. तिथे मी स्किल, अनुभव, शहर, सध्याचा पगार, नोटीस पिरियड असे फिल्टर लावते आणि शेवटी 'अलीकडे कोण ॲक्टिव्ह होतं' हा फिल्टर लावतेच लावते, कारण सहा महिने लॉगिन न केलेल्या माणसाला फोन करून वेळ कोण घालवणार. तेव्हा शोध चालू असेपर्यंत दर एकदोन दिवसांनी लॉगिन करून प्रोफाईलमध्ये काहीतरी छोटं अपडेट करत जा. फोन नंबर बदलला असेल तर तो आधी बदला, माझे कितीतरी चांगले उमेदवार निव्वळ 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' म्हणून गेलेत.

लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' (मी नोकरी शोधतोय अशी खूण) लावताना दोन पर्याय असतात. एक सगळ्यांना दिसणारा, फोटोभोवती हिरवी चौकट येते. दुसरा फक्त रिक्रूटर्सना दिसणारा. सध्या नोकरीत असाल तर दुसरा घ्या. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सना तो दिसू नये असा लिंक्डइनचा प्रयत्न असतो पण हमी नसते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि प्रोफाईलची मोठी डागडुजी करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बदलांची सूचना नेटवर्कला जाणं बंद करा, नाहीतर साहेबांच्या फीडमध्ये तुमच्या नव्या स्किल्सची दवंडी पिटली जाते.

हिरव्या चौकटीला काही जण कमीपणा समजतात. अजिबात समजू नका. नोकरी गेली असेल, कंपनीने लोक काढले असतील तर बिनधास्त लावा, मला तर सोपं पडतं, हा माणूस लगेच जॉइन होऊ शकतो एवढं कळलं की क्लायंटकडे नाव पुढे करता येतं.

कोरांटी

मी खूप दिवस फक्त वाचत होते, आज लिहायचं धाडस करतेय. एम. कॉम. आहे, अकाउंट्समध्ये काम केलं, टॅली, जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन सगळं येतं. मुलगी झाल्यावर आणि नंतर सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. आता परत करायचीय. लिंक्डइनवर जुन्या सहकारी मैत्रिणी मॅनेजर झालेल्या दिसतात आणि मग वाटतं यांना आता काय तोंडाने मेसेज करू. मधली वर्षं रिकामी आहेत ती लपवावीत का?

घाटमाथा

कोरांटी, लपवू तर नकाच. तारखा ओढूनताणून जुळवलेल्या पीएफच्या रेकॉर्डमध्ये लगेच उघड्या पडतात आणि मग चांगला उमेदवार हातचा जातो. लिंक्डइनने २०२२ पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद करायची सोय दिलीय, त्यात घरच्यांची देखभाल असं कारण निवडता येतं. दोन ओळी पुरतात, जास्त खुलासा द्यायचा नाही. मधल्या काळात सोसायटीचे हिशोब बघितले असतील, कोणाचे रिटर्न भरून दिले असतील तर ते आवर्जून लिहा, ते काम आहे.

आणि मैत्रिणींना मेसेज कराच हो. मी तुम्हाला माझ्या अनुभवावरून सांगते, जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला तर माणसं सहसा मनापासून उत्तर देतात. बहुतेक कंपन्यांत रेफरल देणाऱ्याला बोनसही असतो, तेव्हा तुम्ही उपकार मागताय असं धरून चालू नका. फक्त 'काही असेल तर बघ ना' असं मोघम लिहू नका, त्याला 'हो बघते' एवढंच उत्तर येतं आणि तिथेच संपतं. तिच्या कंपनीच्या करिअर पेजवर जाऊन जागा बघा, जॉब आयडी कॉपी करा आणि लिहा की ही जागा बघितली, माझ्या कामाशी जुळते, तुला योग्य वाटत असेल तर रेफर करशील का, सीव्ही जोडलाय. तिला फक्त पुढे ढकलायचं काम उरलं पाहिजे.

कोरांटी

ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचून. आज रात्री मुलगी झोपली की पहिला मेसेज करते.

सातपूरचा_फिटर

आयटीआयवाल्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे लिंक्डइन कोणी बघत नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि फेसबुकवर चालतं. सातपूर, अंबड, चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, प्रत्येक एमआयडीसीच्या नावाने ढीगभर ग्रुप आहेत आणि त्यात रोज जाहिराती पडतात, फिटर पाहिजे, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, रूम कँटीन बस फ्री. यातल्या काही खऱ्या असतात, मलाही एक काम तसंच मिळालं, पण बऱ्याच ठेकेदाराच्या असतात आणि कंपनीचं नाव लिहिलेलं नसतं. माझा नियम असा, कंपनीचं नाव आणि गेटचा पत्ता सांगत नसेल तर जायचं नाही. रजिस्ट्रेशन फी, गेट पास फी, युनिफॉर्म डिपॉझिट काहीही आधी मागितलं की नंबर ब्लॉक. आणि गेलात की पहिलं विचारायचं, पगार कोण देणार कंपनी की ठेकेदार, पीएफ ईएसआय कापणार का, ओव्हरटाइम डबल आहे का सिंगल. लाजायचं नाही.

नवीन पास झालेल्यांनी अप्रेंटिसशिपसाठी सरकारी पोर्टलवर नाव टाकावं, तिथे कंपनीचं नाव उघड दिसतं आणि करार होतो. ग्रुपमधल्या 'अप्रेंटिस भरती' जाहिरातीपेक्षा ते कधीही बरं.

अजून एक, मशीनवर सेटिंग करतानाचा छोटा व्हिडिओ मोबाईलमध्ये असेल तर सुपरवायझर लोक बघतात खरं. पण वर दादांनी सांगितलं तसं कंपनीची परवानगी असेल तरच, नाहीतर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन काढा.

नवखा_७

मला टेलिग्रामवर मेसेज आलाय, बँकॉकला 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह', पगार महिना लाखाच्या वर, राहणं खाणं तिकीट त्यांचं, इंटरव्ह्यू चॅटवरच झाला दहा मिनिटांत. ऑफर लेटर पण आलं पीडीएफ. टूरिस्ट व्हिसावर या म्हणतात, वर्क परमिट तिकडे गेल्यावर करू. घरचे म्हणतात संधी सोडू नको. जाऊ का?

घाटमाथा

नवखा, जाऊ नकोस. अगदी कळकळीने सांगते, जाऊ नकोस आणि घरच्यांना हा प्रतिसाद वाचायला दे.

सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नेमक्या याच पदनामाबद्दल इशारा दिला होता, थायलंडमधली 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'ची नोकरी. सोशल मीडियावरच्या जाहिराती आणि एजंट यांच्यामार्फत मुलांना तिकडे न्यायचे आणि तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये, म्यावाडी भागात. मग तिथल्या कोंडवाड्यात डांबून लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम करून घ्यायचे. कंबोडिया, लाओसबद्दलही असेच इशारे आलेत. त्यात अडकलेली आपली मुलं सरकारला सोडवून आणावी लागली.

टूरिस्ट व्हिसावर नोकरीला जायचंच नाही, कुठल्याच देशात. परदेशात पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तिथे तपासता येतं, आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, त्याची पावती द्यावी लागते. पासपोर्टची मूळ प्रत कोणाला दिली असशील तर आजच परत मागून घे.

व्हर्नियर

ताईंनी लिहिलंय त्यापुढे शब्द नाही. नवखा, काय ठरवलंस ते इथे कळव रे बाबा, आम्ही सगळे वाट बघतोय.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचे दोन प्रकार लिहून ठेवतो. एक, व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी काही रुपये मिळतील. सुरुवातीला खरंच पैसे येतात, मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात आणि 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली तुमच्याकडून भरून घेतात, काढायला गेलं की टॅक्स भरा, दंड भरा. दोन, घरबसल्या डेटा एंट्री, आधी ॲग्रीमेंटवर सही घेतात आणि मग चुका काढून 'वकिलाची नोटीस' पाठवून पैसे मागतात. घाबरून भरू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे पुढे जायच्या आत गोठवायची शक्यता जास्त. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

लिंक्डइनवर एखाद्या रिक्रूटरचा संशय आला तर त्याच्या प्रोफाईलमध्ये 'अबाउट धिस प्रोफाईल' बघा, अकाउंट कधी काढलं ते दिसतं. 'पंधरा वर्षांचा अनुभव' आणि अकाउंट गेल्या महिन्यातलं असेल तर पुढे बोलूच नका. मेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय का जीमेलवरून तेही बघा. आणि सीव्हीवर आधार नंबर, पॅन नंबर टाकायची काहीएक गरज नसते, ते जॉइनिंगला लागतं.

नवखा_७

वाचलं सगळं. वडिलांना पण वाचून दाखवलं. त्यांना म्हटलं पोर्टलवर एजंटचं नाव शोधू, नाही सापडलं. नंबर ब्लॉक केला. पासपोर्ट माझ्याकडेच आहे, फक्त फोटो पाठवला होता. धन्यवाद ताई.

शेवंती

सुटले बाई. नवखा, फार बरं केलंस.

दादा, भावाने तुमचं वाचून कॉलेजच्या एका सीनियरसाठी मेसेज लिहिलाय, मराठीत सांगते, 'आदरणीय सर, मी फार मेहनती आणि प्रामाणिक मुलगा असून मला नोकरीची अत्यंत गरज आहे, आपल्या नामांकित कंपनीत कुठलीही जागा असल्यास कृपया विचार करावा, आपला ऋणी राहीन.' ठीक आहे का? मला जरा काहीतरी कमी वाटतंय.

व्हर्नियर

मुलगा सरळ आहे हे कळतंय त्यातून, पण 'कुठलीही जागा' लिहिलं की समोरच्याला याला कुठे बसवायचं तेच कळत नाही. आणि सीनियरच आहे ना, मग एवढं झुकून लिहायचं कारण नाही. असं लिहू द्या, 'दादा नमस्कार, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल, तुमच्यानंतर दोन वर्षांनी पास. सध्या वाळूजला टर्निंगच्या पार्ट्सचं इन्स्पेक्शन बघतो, मायक्रोमीटर, बोअर गेज, ड्रॉइंग रीडिंग येतं, सीएमएम शिकायची इच्छा आहे. तुमच्या प्लांटमध्ये लाइन इन्स्पेक्शनला डिप्लोमावाले घेतात का आणि घेत असतील तर कोणती तयारी करून येऊ?' बास. शेवटचा प्रश्न असा आहे की जागा नसली तरी उत्तर देता येतं, आणि उत्तर आलं की ओळख सुरू झाली. महिन्या-दोन महिन्यांनी जागा निघाली की त्याला हा मुलगा आठवतो.

लिंक्डइनवर पाठवत असेल तर हे आणखी आखूड करावं लागेल, कनेक्शन रिक्वेस्टच्या नोटला अक्षरांची मर्यादा असते आणि फुकटच्या अकाउंटला महिन्यात मोजक्याच नोट जोडता येतात. त्या ज्यांच्याकडून खरंच उत्तर येईल अशांसाठीच वापरायच्या.

रोजचा सर्च कसा करायचा तेही सांगा त्याला. लिंक्डइनवर 'जॉब्स' तर बघायचंच पण 'पोस्ट्स'मध्येही शोधायचं, 'क्वालिटी इन्स्पेक्टर हायरिंग चाकण' असं इंग्रजीत टाकून, तारखेचा फिल्टर गेल्या २४ तासांचा. छोट्या कंपन्या पैसे भरून जाहिरात देत नाहीत, त्यांचा प्लांट हेड नाहीतर एचआर साधी पोस्ट टाकून मोकळा होतो, ती जॉब्समध्ये येतच नाही. पहिल्या दिवशी गेलेला मेल वाचला जातो, आठवड्याने गेलेला नाही.

राजगिरा

उत्तर आलंच नाही तर काय करावं? माझ्या पुतण्याचा हाच प्रश्न आहे, मेसेज 'सीन' दिसतो आणि पुढे शांतता.

घाटमाथा

आठवड्याभराने एकदा आठवण करावी, दोन ओळींत, त्यात काहीतरी नवीन असावं, म्हणजे 'तुमच्याकडे अमुक जागा निघालेली बघितली' किंवा 'दरम्यान हा कोर्स पूर्ण केला'. त्यावरही उत्तर नसेल तर सोडून द्यावं आणि मनाला लावून घेऊ नये. आमच्याकडे जागा गोठतात, क्लायंट बजेट काढून घेतो, कधी आतल्याच माणसाला बढती मिळते, उमेदवाराचा त्यात काही संबंध नसतो. रोज मेसेज, मध्यरात्री व्हॉट्सअ‍ॅप कॉल हे मात्र करू नये, तिथे नाव कायमचं खराब होतं.

पुतण्याला सांगा एका साध्या वहीत नाहीतर एक्सेलमध्ये लिहून ठेवायला, कोणाला कधी लिहिलं, कुठल्या जागेसाठी, कोणता सीव्ही पाठवला. मी फोन करते तेव्हा 'कुठली कंपनी मॅडम? मी बऱ्याच ठिकाणी टाकलंय' असं उत्तर येतं आणि क्लायंटसोबत कॉल असेल तर तो तिथेच गार पडतो. आणि नोटीस पिरियड खरा सांगू दे. ९० दिवस असतील तर ९० सांगावं, वाटाघाटी होऊ शकतात, बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) होऊ शकतं, पण ३० सांगून ऑफर घेतली आणि मग ९० निघाले तर ऑफर मागे घेतली जाते.